मास्तरांच्या ड्रमचे तीन ठोकळे

किसन मास्तरांच्या विलायती ड्रमचे तीन ठोकळे तेजाबात टाकून मी बारशाला जेवायला गेलो.

बारसं मास्तरांच्याच घरचं होतं, धाकट्या मुलाचं. मंगरूळपीरहून एस.टी.नं कारंजा, तिथून धनज. जाऊन, जेवून, परत यायला दिवस गेला. जेवण फार चांगलं होतं. वांग्याची भाजी, पुऱ्या, वर बुंदी. मी भरपूर जेवलो, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं ते माझ्याविरुद्ध वापरलं गेलं.

दुकानात परत आलो तेव्हा बरणीतला फेस खाली बसला होता. चिमट्यानं एकेक ठोकळा बाहेर काढला. उंदरानं कुरतडलेल्या साबणाच्या वड्या असतात ना, तसे तीन तुकडे हाती आले. एक तर चिमट्यातच मोडला. मी चोवीस वर्षांचा होतो, दुकान टाकून जेमतेम वर्ष झालं होतं, आणि ज्या माणसाच्या घरची बुंदी अजून दाढेत होती त्याच माणसाच्या जिवाभावाच्या वस्तूचा मी चोथा केला होता.

बाहेरच्या माणसाला ठोकळा म्हणजे काय ते सांगायला हवं. ड्रम म्हटला की लोकांना लाकडाचा गोल दिसतो आणि दोन्ही तोंडांना ताणलेलं चामडं दिसतं. चामडं ताणून कोण धरतं हे कुणी बघत नाही. चामड्यावर कडं बसतं, कड्याला लांब बोल्ट ओढून धरतात, आणि ते बोल्ट ड्रमच्या अंगावर बसवलेल्या लहान लहान घरांत पिळले जातात. या घरांना आम्ही ठोकळे म्हणतो. बँडमधल्या साइड ड्रमला असे आठ. चामडं फाटतं, बदलतं. अंगावरचा चमकीचा कागद दर दोन-तीन हंगामांनी नवा चढतो. पण ड्रम कोणत्या घरचा आहे, कोणत्या काळचा आहे, हे शेवटी हे ठोकळे, कडी आणि बोल्टच सांगतात. बाईच्या अंगावरचे दागिने पाहून माहेर ओळखावं, तसं.

मास्तरांनी हा ड्रम तरुणपणी कामठीला पलटणीच्या लिलावात घेतला होता. त्या काळी आमच्याकडच्या बँडांत सगळा देशी माल. विलायती ड्रम एकट्या मास्तरांकडं. लग्नाच्या वरातीत नवरदेवाकडं पाहणारे कमी आणि मास्तरांच्या हाताकडं पाहणारे जास्त, असं मी स्वतः पाहिलेलं आहे. रामनवमीला पोहरादेवीच्या गर्दीत कुठूनही तो आवाज ओळखू येई. सुक्या शेंगा टोपलीत ओताव्या, तसा बारीक, कोरडा, कुरकुरीत. बाकीचे ड्रम धपधप करत.

हंगामाआधी बोल्टांवरचा गंज काढून घ्यावा म्हणून त्यांनी तो माझ्याकडं दिला होता. ठोकळे काढायला त्यांनी सांगितलंच नव्हतं. मी उत्साहानं काढले. बोल्टांबरोबर ठोकळेही उजळून देऊ, मास्तर खूश होतील, असा विचार. गंज काढायला पाणी घालून पातळ केलेलं तेजाब वापरतात. त्यात पितळ दिवसभर राहिलं तरी फक्त तोंड धुऊन बाहेर येतं. ठोकळे पितळीच असणार, वरून चांदीसारखं पॉलिश आहे, असं मी धरून चाललो. बघितलं नाही. बरणी लहान होती म्हणून आठांपैकी तीनच मावले. बरणी मोठी असती तर आज हा लेख लिहायला मी मंगरूळपीरला राहिलो नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या पाचांतला एक ठोकळा रुमालात बांधून मी रहमतचाचांकडं गेलो. दर्ग्याच्या बाजूला त्यांची ओतकामाची भट्टी होती. बैलांच्या घंटा, देवळांचे कळस, समया, सगळं ओतत. ठोकळा हातात फिरवून ते म्हणाले, "बन जाएगा. लेकिन बेटा, इसीच का सांचा मत ले. थोडा मोम चढा इसपे."

"काहून चाचा?"

"धातू थंडी हुई का सिकुडती है. इसकी नकल इससे छोटी आयेगी. बालभर. मोम चढा, दो दिन दे मेरे को."

दोन दिवस माझ्याकडं नव्हते. मास्तर संध्याकाळी ड्रम न्यायला येणार होते. मी म्हटलं, "चाचा, बालभर चालते. कोन मोजून राह्यलं?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं, मग भट्टीकडं पाहिलं, आणि अस्सल ठोकळाच मातीत दाबून तीन पितळी ठोकळे ओतून दिले. सुंदर झाले होते. मी घासले, पॉलिश चढवून आणली. बसवायला गेलो तर खरंच, दोन स्क्रूंमधलं अंतर किंचित कमी. ड्रमच्या लाकडातली भोकं जुळेनात. मग मी गोल कानस घेतली आणि भोकंच जरा लांबट केली. पलटणीच्या ड्रमला कानस लावताना मी दोनदा विचार करायला हवा होता. केला नाही. तेव्हा माझा हात फार चलाख होता.

संध्याकाळी मास्तर आले. पट्टा गळ्यात अडकवला, दोन टिपऱ्या मारल्या, थांबले.

"दिगांबर, ड्रम जड झाला काय रे?"

"मास्तर, बारशाचा शीण असन."

मास्तर हसले. ड्रम घेऊन गेले.

आता खरी गंमत ऐका. माणसाला स्वतःच्या चुकीबरोबर झोपता येत नाही, म्हणून तो तिचं काहीतरी नाव बदलतो. मी महिनाभर विचार केला आणि एक शोध लावला: अस्सल विलायती माल तेजाबात विरघळेलच कसा? विरघळला म्हणजे तो नकलीच होता! मास्तरांना लिलावात कुणीतरी फसवलं होतं. मी तर उलट त्यांना तीन पक्के पितळी ठोकळे बसवून दिले. म्हणजे उपकारच केले.

हा शोध मला इतका आवडला की पुढं सगळं आयुष्य मी त्याच्यावर उभं केलं.

हळूहळू माझं नाव झालं. वाशीम, कारंजा, मानोरा, रिसोड, बाहेर अकोल्यापर्यंतचे बँडवाले जुना ड्रम घ्यायचा तर आधी माझ्याकडं आणत. "मिस्त्री, पाहा बरं, असली हाय का नकली." नवीन मालावर जुना मुलामा देऊन विकणारे तेव्हाही होते. मी खरंच काही गोष्टी शिकलो होतो. लोहचुंबक लावायचं, चिकटलं की लोखंड, म्हणजे स्वस्तातलं काम. बोल्टाचे आटे बघायचे. जुने विलायती आटे वेगळ्या मापाचे असतात, आजचा नट त्यांच्यावर दीड वेढा जातो आणि रुसतो. झीज बघायची, खरा जुना ड्रम जिथं मांडीला घासतो तिथंच झिजतो, नकली जुना सगळीकडून सारखा झिजलेला असतो, कारण तो घासणाऱ्यानं एका बैठकीत घासलेला असतो. आणि शेवटी ठोकळ्याच्या आतल्या बाजूला चाकूच्या टोकानं खरवडायचं. पिवळं दिसलं की अस्सल. करडं दिसलं की नकली. हा शेवटचा नियम माझा स्वतःचा. त्याचा जन्म कुठं झाला ते तुम्हाला आता माहीत आहे.

यात थोडं नाटकही होतं, कबूल करतो. निकाल सांगण्याआधी मी ठोकळा नाकाजवळ नेऊन डोळे मिटून वास घेई. वासानं काहीही कळत नाही. पण गिऱ्हाईक गप्प बसतं.

एकदा एक गृहस्थ कापडात गुंडाळलेला ड्रम घेऊन आले. म्हणाले, "आमच्या आजोबाचा हाय. इंग्रजाच्या टायमाचा. घरात पूजा होते याची." कुंकवाचे डागही होते. मी चामडं सैल केलं आणि आत टॉर्च मारला. आतून लाकडाला आधार म्हणून कागद चिकटवला होता, आणि त्या कागदावर मोबाइल रिचार्जची जाहिरात होती. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, तुमचे आजोबा लय पुढचं पाहनारे होते." त्यांनी ड्रम परत गुंडाळला. जाताना मात्र दोनदा विचारलं, "तरी पन पूजा चालू ठेवाले हरकत नाई न?"

असे दिवस गेले. किसन मास्तर वारले. ड्रम मोठ्या मुलाकडं, प्रल्हादकडं आला. धाकटा देविदास, ज्याच्या बारशाला मी जेवलो होतो, तो क्लॅरिनेट वाजवायचा. डीजे आल्यापासून बँडाचे हाल झाले, बाकीचे लोक गेले, पण हे दोघे भाऊ चार-पाच जणांना घेऊन टिकून होते. प्रल्हादचा हात बापाचाच. तो टिपऱ्या चालवायला लागला आणि देविदासनं वरून सूर धरला की मी दुकानातलं काम ठेवून रस्त्यावर यायचो. नाही म्हटलं तरी त्या आवाजात माझे तीन ठोकळे होतेच. मी मनात म्हणायचो, दिगांबर, थोडा तुझाही हात आहे यात.

चार वर्षांपूर्वी देविदास ड्रम घेऊन दुकानात आला. त्यानं ड्रमचे फोटो मोबाइलवर कुणाला तरी पाठवले होते आणि ते फिरत फिरत नागपूरच्या एका साहेबांकडं गेले होते. साहेबांना जुन्या बँडांच्या वाद्यांचं दालन उभं करायचं होतं. ड्रम तिथं ठेवला तर खाली पितळी पाटी लावणार, पाटीवर किसन मास्तरांचं आणि गावाचं नाव. फक्त सामान मूळचं आहे का, हे आधी जाणत्या माणसाकडून लिहून आणा, असं त्यांनी कळवलं होतं.

"काका, बाबाचं नाव लागते पाटीवर," देविदास म्हणाला. "तुमच्यापेक्षा जानता कोन हाय इकडे?"

मी चुंबक लावलं, आटे पाहिले, झीज पाहिली, वासही घेतला. मग आतून खरवडलं. पाच करडे. तीन पिवळे. पिवळे कुणाचे हे मला खरवडायच्या आधीपासून ठाऊक होतं.

"किती असली निघाले काका?"

इथं मी एवढंच म्हणायचं होतं की पोरा, तीन मी बसवलेले आहेत. चार शब्दांचं काम. पण समोर किसन मास्तरांचा मुलगा, भिंतीवर 'जुने ड्रम पारखून मिळतील' ही माझी पाटी, बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं. माझ्या तोंडून निघालं, "तीन असली. पाच नकली."

एका दमात मी एक चूक केली आणि एक खोटं बोललो. पाच नकली, ही चूक. ती प्रामाणिक होती. तीन अस्सल, हे खोटं. वर तसं कागदावर लिहून दिलं आणि दुकानाचा शिक्का मारला.

देविदास कागद वाचत उभा राहिला. मग म्हणाला, "मंग पाच गेले कुठी?"

"मले काय मालूम बाप्पा."

"बाबा तं जपत होते. बाबा गेल्यावर ड्रम कोनापाशी होता? दादापाशीच न?"

गाडी कुठल्या रस्त्याला लागली हे मला दिसलं. त्या क्षणी मी काय केलं असेल? मी त्याला विचारलं, चहा घेतोस का.

आठ दिवसांनी प्रल्हाद आला. तो कमी बोलणारा माणूस. उभ्या उभ्याच म्हणाला, "काका, तुमी काय लेहून देल्लं? देवा म्हणते मी बाबाच्या ड्रमाचे ठोकळे इकले अन् नकली बसोले. मी ड्रमाचा एक नट इकला असन तं माये हात झडोत. तुमी पुन्यांदा पाहा."

मी पुन्हा पाहिलं. म्हणजे पाहिल्यासारखं केलं. "पाच नकलीच हाय प्रल्हाद. पन ते पहिल्यापासूनच तसे असतीन. तुया बाबाले लिलावातच फसोलं असन." हे मला खरंच वाटत होतं, आणि प्रल्हादला वाचवायलाही ते पुरेल असं वाटलं.

पुरलं नाही. प्रल्हादनं घरी जाऊन हे सांगितलं तर "बाबाले कोनी फसोलं असं म्हणून राह्यला तू?" असं म्हणून देविदास आणखी भडकला. बापाचा ड्रम नकली म्हणणं त्याला भावाला चोर म्हणण्यापेक्षा कठीण गेलं.

त्या उन्हाळ्यात दोघे भाऊ वेगळे वाजवू लागले. देविदास क्लॅरिनेट घेऊन दुसऱ्या बँडात गेला. एका अंगणात दोन दारं, आणि एक दार उघडलं की दुसरं लागायचं. प्रल्हाद पुन्हा एकदा माझ्याकडं आला. बाकावर बसला, पाणी प्यायला आणि गेला. मी बोल्ट घासत राहिलो. मंगरूळपीरला एका वरातीत त्याचा ड्रम ऐकला. हात तोच, आवाज तोच, पण वर धरायला सूर नव्हता. छप्पर उडालेल्या घरासारखं ऐकू येत होतं. त्या दिवशी मी रस्त्यावर आलो नाही. दुकानाच्या आत, बरण्यांपाशी उभा राहिलो. कधी नव्हे ते मला माझ्या दुकानाचा खरंच वास आला. तेजाबाचा.

तीन हंगाम असे गेले. मग गेल्या उन्हाळ्यात देविदासचा फोन. "काका, नागपूरचे साहेब स्वतः येऊन राह्यले घरी. तुमी बी या. तुमचा कागद हाय त्यायच्यापाशी."

धनजला पोचलो तेव्हा साहेब ओट्यावर बसले होते. साधे गृहस्थ, पांढरे केस, मांडीवर कापडी पिशवी. एका बाजूला देविदास, दुसऱ्या बाजूला प्रल्हाद, मधे सतरंजीवर ड्रम. आतल्या चुलीपाशी मास्तरांच्या घरच्या, शेवंतावहिनी, पुऱ्या लाटत होत्या. सत्तरी ओलांडली तरी पाहुण्याचा स्वयंपाक दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

साहेबांनी माझा कागद वाचला. "अक्षर फार छान आहे तुमचं," म्हणाले.

मी नम्रपणे मान हलवली.

मग त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेले दोन ठोकळे काढले. त्याच कंपनीचे, त्याच काळातले, दुसऱ्या एका ड्रमवरचे. एक माप घ्यायचं यंत्र काढलं. ड्रमचे स्क्रू आतून सोडवून आठही ठोकळे ओळीनं सतरंजीवर मांडले आणि एकेक मोजत गेले. आत पुरी तेलात सोडल्याचा आवाज तेवढा येत होता.

"निकाल उलटा आहे," साहेब म्हणाले. "हे करडे पाच अस्सल आहेत. त्या वर्षांत कंपनी जस्ताच्या मिश्रणातच ठोकळे ओतत असे. हे बघा, आतल्या बाजूला बारीक आकडा आहे. पाचही ठोकळ्यांत आहे. माझ्या दोन्हींत आहे." त्यांनी टॉर्च धरला. आकडा होता. चाळीस वर्षं ठोकळे खरवडले, पण मी तिथं कधी टॉर्च धरला नव्हता. करडं दिसलं की मी नकली म्हणून मोकळा होत असे.

"आणि हे पिवळे तीन देशी. अस्सल ठोकळ्याचाच साचा करून ओतलेत, म्हणून किंचित लहान आलेत. लाकडातली भोकंही या तीन जागी कानशीनं लांबवलीत." त्यांनी एक पितळी ठोकळा तळहातावर तोलला. "ओतणारा कसबी होता हो. ओतून घेणाऱ्याला घाई असावी."

दोन दिवस दे मेरे को, असं म्हणणारे रहमतचाचा आता नाहीत. असते तर तिथं हसले असते.

मला आधी काय वाटलं ते सांगतो, लाज सोडून. मला वाटलं, झालं, मिटलं. पाच अस्सल निघाले, प्रल्हाद सुटला, आणि पितळी तीन कुणी केले हे कुणी विचारणार नाही.

देविदासनं विचारलं. "पाच नाई तं तीन! तीन तं गेलेच न? ते कुठी गेले, दादा?"

प्रल्हाद उठला. त्यानं मोकळा झालेला ड्रम उचलला, पट्टा त्यावर गुंडाळला, टिपऱ्या आत ठेवल्या आणि सगळं देविदासच्या पुढ्यात नेऊन ठेवलं.

"घे. तूच ठेव, नाई तं साह्यबाले दे. मी आजपासून टिपरीले हात लावत नाई. बाबाच्या ड्रमापायी बाबाच्या घरात चोर होऊन राहत नाई मी."

आतलं लाटणं थांबलं.

"बस प्रल्हाद," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण मला अनोळखी वाटला. "ते तीन मी केले."

"काय केले?"

"असली तीन मी तेजाबात टाकले अन् जेवाले गेलो. इरघयले. मंग चाचाकून पितळेचे ओतून आनले अन् तुया बाबाले न सांगता बसोले. भोकं बी मीच कानशीनं लांबोली."

देविदास माझ्याकडं बघतच राहिला. "कवाची गोष्ट हाय हे?"

"तुया बारशाच्या दिवशीची. इथंच आल्तो जेवाले."

"म्हणजे तुमाले मालूम होतं? मले कागद लेहून देल्ला तवा बी?"

"तिनाचं मालूम होतं. पाचाचं नव्हतं मालूम. पाच नकलीच वाटले मले."

"अन् दादाले मी चोर म्हणून राह्यलो तवा?"

मी सतरंजीवरचे तीन पितळी ठोकळे बाजूला सारले. प्रल्हाद उभाच होता. तो रागावला नाही, ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "काका, मी दोनदा आल्तो तुमच्यापाशी."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. ते दोन मोजायला यंत्र लागत नाही.

साहेब बिचारे फडक्यात आपले दोन ठोकळे पुन्हा पुन्हा गुंडाळत बसले. मग देविदास उठला. पुढ्यातला ड्रम त्यानं उचलला, भावाच्या दारातून आत गेला आणि जिथून काढला होता त्याच खुंटीला अडकवला. बाहेर येऊन टिपऱ्या प्रल्हादच्या हातात दिल्या. "धर न आता," म्हणाला. "का पाया पडू?"

प्रल्हादनं टिपऱ्या धरल्या. एक टिपरी त्यानं देविदासच्या डोक्यात मारली. फार हळू मारली असं म्हणता येणार नाही. देविदास डोकं चोळत तिथंच भावाला टेकून बसला.

साहेब म्हणाले, तीन ठोकळे देशी असले तरी त्यांना चालतील, तशी नोंद करू, पाटी लावू. त्यावर आतून शेवंतावहिनींचा आवाज आला, "वाजते तोवर घरीच राहीन ड्रम. वाजनं बंद झालं का मंग लावा पाटी." साहेब हसून बरं म्हणाले.

मी म्हटलं, "प्रल्हाद, मी नवे तीन करून देतो. जस्ताचे. मेण चढवून, बरोबर मापाचे. पंधरा दिवस घेतो, पन बालभर फरक पडू देत नाई."

"नोको काका," प्रल्हाद म्हणाला. "बाबाच्या हातात हेच वाजले. हेच राहू द्या."

मास्तरांना कळलं होतं का? ड्रम जड झाला काय रे, असं विचारून ते हसले होते. कळलं म्हणून हसले की माझ्या उत्तराला हसले, हे आता सांगणारं कुणी नाही. त्यानंतर वीसेक वर्षं ते दर हंगामाआधी माझ्याकडं ड्रम घेऊन येत राहिले, आणि दर वेळी मी स्क्रू सोडवायला घेतले की समोर बाकावर बसून राहत. एकदाही कुठं उठून गेले नाहीत. मला वाटायचं, त्यांना माझ्या गप्पा आवडतात.

दुकानातली पाटी मी उतरवून ठेवली आहे. अजूनही लोक ड्रम आणतात. मी चुंबक लावतो, आटे बघतो, आता टॉर्चही धरतो. वास घेत नाही.

त्या दिवशी ओट्यावरच पानं मांडली. एका बाजूला दोघे भाऊ, समोर साहेब, टोकाला मी. वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. तोच बेत, तोच हात. वहिनींनी साहेबांना वाढलं, प्रल्हादला वाढलं, देविदासला वाढलं. पुऱ्यांची परात घेऊन माझ्यापाशी आल्या आणि उभ्या राहिल्या. मी पान पुढं सरकवलं.

"तुले नाई वाढत," त्या म्हणाल्या. "तू जेवाले बसला का कोनाचं तरी काहीतरी इरघयते."